कागदावर मयत

प्रश्न : बाई, मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. तिच्यामुळे ‘वॉर्स ऑफ द रोझेस’बद्दल वाचायला लागलो. यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्याच्या दोन शाखा गादीसाठी तीस वर्षं एकमेकांची डोकी उडवत होत्या, एवढं समजलं. पण या सरदारांच्या बायकांचं काय व्हायचं? नवरा हरला की बायको रस्त्यावर? आणि त्यांच्या मनात काय चाललं होतं, हे कुठे कळतं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : रस्त्यावर सहसा नाही. मठात. राजद्रोहात नवऱ्याची जमीन जप्त झाली की विधवेचा त्यातला हिस्साही बुडायचा. पण तिला स्वतःच्या माहेराकडून वारशाने आलेली जमीन तिचीच राहायची. कायदा इतका चांगला होता, आणि त्यानेच एका बाईचा घात केला. तिचं नाव अ‍ॅन बीचम, वॉरिकची काउंटेस, म्हणजे बडी सरदारीण. (स्पेलिंग फ्रेंच थाटाचं, उच्चार बीचम. इंग्रजांचं हे नेहमीचंच.)

अ‍ॅनचा जन्म १४२६चा. लग्न लहानपणीच झालं, तेही साटंलोटं : ही नेव्हिलांच्या रिचर्डला दिली, रिचर्डची बहीण हिच्या भावाला केली. पुढे भाऊ वारला, १४४९मध्ये भावाची चिमुरडी मुलगीही गेली, आणि सख्खी बहीण म्हणून सगळी इस्टेट अ‍ॅनकडे आली. तीन थोरल्या सावत्र बहिणी बघत राहिल्या. म्हणजे ज्या रिचर्ड नेव्हिलला इतिहास ‘किंगमेकर’ म्हणतो, तो वॉरिकचा अर्ल झाला तो बायकोमुळे. आमच्या पाठ्यपुस्तकांत किंगमेकर असायचा, बायको नसायची.

या किंगमेकरने आपल्या आतेभावाला, चौथ्या एडवर्डला, गादीवर बसवलं आणि पुढे त्याच्याच विरुद्ध उठला. १४ एप्रिल १४७१ला, ईस्टरच्या रविवारी, बार्नेटच्या लढाईत तो मारला गेला. अ‍ॅन त्याच सुमारास फ्रान्सहून पोर्ट्समथला उतरली होती. बातमी कळताच तिने ब्यूलीचा मठ गाठला.

ब्यूली मी पाहिलंय. बहुतेक लोक तिथे जुन्या मोटारींचं म्युझियम बघायला येतात, आमचे जावईही तिकडेच रमले. मठाचं मोठं चर्च केव्हाच पाडलंय, जमिनीवर त्याचा आराखडा तेवढा आखलेला आहे. मठवाल्यांची जेवणाची दगडी खोली मात्र उभी आहे, आता तेच गावचं चर्च. भिंतीच्या जाडीतून वर जाणारा जिना, जेवताना पोथी वाचणाऱ्यासाठी. या आवारात अ‍ॅन दोन वर्षांहून अधिक काळ अडकून होती. मठात आसरा घेतलेल्याला हात लावायचा नाही असा रिवाज, पण तिच्यावर कडक नजर ठेवा, असं पत्र राजाने मठाधिपतीला धाडलं होतं.

तिथून तिने पार्लमेंटकडे अर्ज केला. त्यात ती सांगते की कारकून मिळत नाही म्हणून राजाला आपण स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली. तेव्हाच्या बड्या बाया मजकूर सांगायच्या, लिहायचं काम कारकुनाचं. आणखी कोणाकोणाला लिहिलं, ती यादी वाचताना मी थांबलेच. राणीला. राजाच्या आईला, म्हणजे अ‍ॅनच्या आत्येसासूला. राजाच्या भावांना, बहिणींना. राजाच्या थोरल्या मुलीला, जी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती! आणि राणीच्या आईला. या बाईच्या नवऱ्याचं आणि एका मुलाचं डोकं अ‍ॅनच्याच नवऱ्याने १४६९मध्ये उडवलं होतं. काय शब्द वापरले असतील त्या पत्रात?

आता अडचण अशी, की अ‍ॅनच्या थोरल्या मुलीचा नवरा राजाचा एक भाऊ, क्लॅरन्स. धाकटी मुलगी, तिचंही नाव अ‍ॅनच, चौदाव्या वर्षी विधवा झाली, तिच्याशी दुसऱ्या भावाने, ग्लॉस्टरच्या रिचर्डने, लग्न केलं. दोघा जावयांना सासूची इस्टेट हवी होती. राजाने बक्षीस दिलेली जमीन राजा उद्या परतही घेऊ शकतो. बायकोच्या वारशाने आलेली पक्की. पण सासू जिवंत असताना मुलीला वारसा कसला?

१४७३च्या जूनमध्ये ग्लॉस्टरच्या माणसाने तिला मठातून उत्तरेला नेलं. मे १४७४मध्ये पार्लमेंटने ठराव केला : काउंटेस नैसर्गिकरीत्या मेली आहे असं धरून तिची मालमत्ता दोघा जावयांत वाटावी. ती अठ्ठेचाळिशीच्या आत-बाहेर, धडधाकट. शिवाय ग्लॉस्टरने एक कलम घालून घेतलं, बायकोशी फारकत झाली तरी जमिनीचा ताबा सुटू नये म्हणून. जावई हुशार होता. पुढे तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला तो हाच.

दोन्ही मुली आईच्या आधी गेल्या, थोरली १४७६मध्ये, धाकटी १४८५मध्ये राणीपदावर असताना. दोन्ही जावईही गेले. १४८७च्या नोव्हेंबरात नव्या राजाने, सातव्या हेन्रीने, अ‍ॅनला कायद्याने पुन्हा जिवंत केलं, शंभरावर गावांची मालकी परत दिली. डिसेंबरात तिने जवळजवळ सगळी राजाच्या नावावर करून दिली. आपल्याकडच्या हक्कसोडपत्रासारखंच. वारस नातू, क्लॅरन्सचा मुलगा, बारा वर्षांचा, तेव्हा लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत होता. अ‍ॅन १४९२मध्ये खरोखरची वारली.

तुमचा शेवटचा प्रश्न मनातलं कळतं का, हा. जॉन राउस नावाच्या वॉरिकजवळच्या एका पाद्र्याने तिच्याबद्दल लिहून ठेवलंय, की बाळंतीण होणाऱ्या बायकांजवळ राहायला तिला आवडायचं, त्यांना लागेल ते ती सढळ हाताने पुरवायची. १४७०मध्ये सगळं कुटुंब जहाजाने पळत होतं तेव्हा कॅले या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या, पण इंग्रजांच्या ताब्यातल्या बंदरासमोर, भर समुद्रात, थोरल्या मुलीला कळा सुरू झाल्या. अ‍ॅन बरोबर होती. कॅलेचा किल्लेदार खुद्द तिचा नवरा, पण त्याच्याच नायबाने बंदर उघडलं नाही, तोफा डागल्या. बायकांसाठी म्हणून थोडी वाईन तेवढी पाठवली. बाळ वाचलं नाही.