ऑकमधली यादी उलटसुलट का येते?

प्रश्न: सोसायटीच्या मेंटेनन्सची फाईल आहे, ऑकने (awk, फाईल ओळीओळीने वाचून हिशेब करणारी छोटी प्रोग्रॅमिंग भाषा) फ्लॅटप्रमाणे बेरीज करतो, आकडे बरोबर येतात पण फॉर-इन लूपने छापलं की 304 आधी, 101 मधेच कुठेतरी. काय करू? (एक वाचक, भांडुप)

उत्तर: अहो, तुमचा प्रोग्रॅम बरोबर आहे. ऑकचा अ‍ॅरे (तुमच्या फ्लॅटवार बेरजा ठेवणारी यादी) आतून हॅश टेबल असतो, म्हणजे नोंदी क्रमाने ठेवत नाही, आणि फॉर-इन क्रमाची हमी देतच नाही, लोकलमध्ये चौथी सीट ज्याला मिळेल त्याची, तसंच.

सगळ्यात सोपं म्हणजे प्रिंटच्या पुढे पाइप (| ही खूण) लावून सॉर्ट डॅश एन (sort -n, आकड्यांप्रमाणे क्रम लावणारी कमांड) ला द्या, हे कुठल्याही ऑकमध्ये चालतं, फक्त खाली 'एकूण' ची ओळ छापणार असाल तर त्याआधी तो पाइप क्लोज करा, नाहीतर एकूण वर आणि यादी खाली असा प्रकार होतो कारण सॉर्ट सगळा डेटा येईपर्यंत थांबून राहतं.

लिनक्सवर जीऑक (gawk, ऑकचीच जीएनयू आवृत्ती) असेल तर एसॉर्ट (asort) हे फंक्शन आहे. पण जपून! ते व्हॅल्यू (म्हणजे बेरजा) क्रमाने लावतं आणि फ्लॅट नंबर उडवून 1, 2, 3 करून टाकतं, म्हणून दुसरा अ‍ॅरे द्यायचा. इंडेक्स (म्हणजे फ्लॅट नंबर) लावायला एसॉर्टआय (asorti), पण ते नंबरांना स्ट्रिंग, म्हणजे नुसती अक्षरं समजतं, म्हणजे 1001 हा 304 च्या आधी. मला स्वतःला जीऑकच्याच प्रॉकइन्फोमधलं (PROCINFO, जीऑकचा तयार अ‍ॅरे) सॉर्टेड-इन (sorted_in) आवडतं, एकदा सेट केलं की नेहमीचा फॉर-इन सरळ चालतो. मॅकच्या ऑकमध्ये मात्र यातलं काहीच नाही, तिथे पाइपच.