आधी बाइट बघ, मग मदत माग

चि.,

अनेक आशीर्वाद. वाचनालयाच्या तुझ्या वेबसाइटबद्दल 'सर, डेटाबेसमध्ये मराठी चालत नाही, आणि डिसोझा आडनावाचा सभासद भरताना १०६४ ची एरर येते, अर्जंट आहे,' एवढंच लिहून तू मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवलास. फोटोत वाचनालयाच्या पुस्तकांची यादी, आणि नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. एवढ्यावरून मला काही सांगता येणार नाही. तुला न ओळखणाऱ्या माणसाला तर त्याहून कमी. (आणि सर नको, काका म्हण.)

मायएसक्यूएलमध्ये, म्हणजे तुझ्या डेटाबेसच्या प्रोग्रॅममध्ये, मराठी उत्तम चालतं. तुझ्याकडे ते कुठेतरी वाटेत बिघडतंय. फॉर्ममध्ये टाइप केलेलं अक्षर आधी पीएचपीकडे, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या तुझ्या कोडकडे जातं, तिथून डेटाबेसच्या कनेक्शनमधून पुढे, आणि शेवटी टेबलातल्या कॉलममध्ये बसतं. परतीचा रस्ताही तोच. यात कुठेही एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट, म्हणजे आकडे, करायची पद्धत) वेगळं निघालं की गडबड झालीच. ती नेमकी कुठे झाली याचा अंदाज बांधत बसू नकोस, सरळ डेटाबेसलाच विचार. पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस बघायचं साधन) एसक्यूएलचा टॅब उघड आणि पुस्तकाच्या नावाच्या कॉलमवर 'हेक्स' हे फंक्शन लावून सिलेक्ट, म्हणजे माहिती वाचायची आज्ञा, चालव. आत साठवलेले बाइट ०-९ आणि ए-एफ या चिन्हांत जसेच्या तसे समोर येतील.

आता वाचायचं कसं? यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांना चालणारं एन्कोडिंग) 'म' म्हणजे तीन बाइट: ई०, ए४, एई. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा, ई०ए४ किंवा ई०ए५ ने सुरू होतं. अशा जोड्या दिसल्या तर मजकूर शाबूत आहे, दोष कनेक्शनमध्ये किंवा पानात शोध. पण ३एफ, ३एफ, ३एफ अशी रांग दिसली तर आत खरोखरच प्रश्नचिन्हं साठवलेली आहेत. मूळ नाव गेलं. आता कुठलीही सेटिंग बदललीस तरी ते परत येणार नाही, बॅकअप नसेल तर यादी पुन्हा भरायची. ऐकायला कडू आहे, पण हे न तपासता रात्र रात्र सेटिंग्जशी झटापट करणारे मी पुष्कळ पाहिलेत. तिसरा प्रकार सी३ए०, सी२ए४ असा लांबलचक दिसतो, आणि पानावर मराठीऐवजी टोपीवाली रोमन अक्षरं येतात. यूटीएफ-८ चे बाइट लॅटिन१ (युरोपीय अक्षरांपुरतं जुनं एन्कोडिंग) समजून पुन्हा एकदा एन्कोड झाले की असं होतं. हा डेटा बहुतेक वेळा सोडवता येतो.

३एफ निघालं तर कॉलम लॅटिन१ असणार, असा माझा कयास. २०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आलं तोवर मूळ सेटिंग तेच होतं, आणि लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागाच नाही. (जुन्या टेबलांवर 'लॅटिन१ स्वीडिश' असं कोलेशन, म्हणजे अक्षरं लावायचा क्रम, दिसतं, ते मायएसक्यूएल बनवणारी कंपनी स्वीडनची म्हणून.) टेबल यूटीएफ८एमबी४ वर, म्हणजे चार बाइटांपर्यंतच्या पूर्ण यूटीएफ-८ वर ने. साधं यूटीएफ८ निवडू नकोस. मायएसक्यूएलमधलं ते जुनं यूटीएफ८ तीन बाइटांवर थांबतं. मराठी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि मग कुणी अभिप्रायात चार बाइटांचा इमोजी टाकला की गाडी अडते. यूटीएफ८एमबी४ हेच नाव कनेक्शनलाही सांग: पीएचपीतून डेटाबेसला जोडायला पीडीओ वापरत असशील तर जोडणीच्या ओळीतल्या चारसेटमध्ये, मायएसक्यूएलआय असेल तर सेट चारसेट वापरून. मात्र कॉलम लॅटिन१ असूनही आत ई०ए४ दिसलं, तर टेबल थेट कन्व्हर्ट करू नकोस, चांगले बाइट दुहेरी एन्कोड होतील. कॉलम आधी बायनरी (नुसते बाइट, एन्कोडिंग नाही) करायचा, मग यूटीएफ८एमबी४. म्हणून तर हेक्स आधी.

तुझा दुसरा प्रश्न, डिसोझा आडनावाचा सभासद भरताना येणारी १०६४ ची एरर, म्हणजे क्वेरीच्या (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेच्या) रचनेतली चूक. सावंतवाडीत डिसोझा कमी नाहीत, हे कधीतरी होणारच होतं. ती एरर नीट वाच. 'निअर' या शब्दापुढे क्वेरीचा जो तुकडा छापलेला असतो, त्याच्या अगदी आधी घोळ असतो. तुझ्याकडे तो तुकडा 'सोझा'पासून सुरू होतो, कारण रोमन स्पेलिंगमधल्या 'डी'नंतरच्या सिंगल कोटने तुझी स्ट्रिंग (कोटांमधला मजकूर) तिथेच संपवली. नावातला कोट काढून टाक असा सल्ला तुला कुणीतरी देईल. ऐकू नकोस, माणसाचं आडनाव आहे ते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापर, त्यात क्वेरी आणि भरायची माहिती वेगवेगळी जाते. ज्या फटीतून डिसोझांचा कोट आत शिरला, त्याच फटीतून उद्या कुणी अख्खी क्वेरी घुसवेल. आणि मायएसक्यूएल क्वेरी हे जुनं फंक्शन शिकवणारा व्हिडिओ बंद कर. ती सगळी फंक्शन्स २०१५ च्या शेवटी पीएचपी ७ मधून काढून टाकली.

एवढं करूनही अडलीस तर खुशाल विचार, मला किंवा इंटरनेटवरच्या एखाद्या मदतीच्या फोरमवर, पण फोटो नको. एरर अक्षर न बदलता टेक्स्ट म्हणून पेस्ट कर, तिचं मराठी करू नकोस. पीएचपीचं आणि डेटाबेसचं व्हर्जन लिही. झॅम्प (पीएचपी आणि डेटाबेस एकत्र बसवणारं पॅकेज) वापरत असशील तर आत बहुधा मारियाडीबी, म्हणजे मायएसक्यूएलपासून फुटलेला डेटाबेस असेल, तेही सांग. 'शो क्रिएट टेबल' या टेबलाची रचना दाखवणाऱ्या आज्ञेचं आउटपुट आणि हेक्सचं उत्तर जोड. सगळा प्रोजेक्ट कुणी वाचत नाही, ज्या दहा-बारा ओळींत घोळ पुन्हा दिसतो तेवढ्याच दे. त्या ओळी वेगळ्या काढताना पुष्कळदा चूक आपली आपल्यालाच सापडते, आणि प्रश्न पाठवायची वेळच येत नाही. पासवर्ड आणि सभासदांचे फोन नंबर मात्र आधी काढ. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, आउटपुट नेमकं असलं की झालं. 'अर्जंट' लिहू नकोस, उत्तर देणारा आपलं काम संपवून फुकट वेळ देत असतो. कुणी तुसडेपणाने लिहिलं तर त्यातलं कामाचं तेवढं घे. आणि सुटलं की काय केल्यावर सुटलं ते त्याच ठिकाणी लिहून ठेव. 'झालं, धन्यवाद' एवढ्यावर संपलेले प्रश्न मला भयंकर चीड आणतात.

आज रात्री बॅकअप घे आणि पहिल्या पाच पुस्तकांचं हेक्स पाठव. तोवर ऑल्टर टेबलला, म्हणजे टेबल बदलणाऱ्या आज्ञेला, हात लावू नकोस.

तुझा,
काका