दोन अजॅक्स, आणि त्यांना मराठीत काय म्हणायचं

प्रश्न असा आहे की एका गोष्टीत अजॅक्स स्वतःच्याच तलवारीवर पडून जीव देतो आणि दुसऱ्या गोष्टीत अजॅक्स ट्रॉयहून घरी जाताना समुद्रात बुडून मरतो, मग यातलं खरं कुठलं? आणि इंग्रजीत एकाला ग्रेट आणि एकाला लेसर लावतात तर मराठीत महान अजॅक्स आणि क्षुद्र अजॅक्स लिहिलेलं चालेल का?

दोन्ही गोष्टी बरोबर आहेत कारण माणसंच दोन आहेत. दोघंही ट्रॉयच्या युद्धात ग्रीकांच्या बाजूने लढले आणि बऱ्याचदा शेजारी-शेजारी उभे राहून लढले, म्हणून हा घोळ होतो. पहिला तेलामोनचा मुलगा, सलामिस बेटावरचा. अंगाने प्रचंड, हातात बैलाच्या सात कातड्यांची बुरुजासारखी ढाल, ग्रीकांचा सर्वांत मोठा योद्धा अकिलीस, त्याच्या खालोखाल ताकदीचा. अकिलीस मेल्यावर त्याची शस्त्रं आपल्याला न मिळता दुसऱ्या ग्रीक वीराला, ओडिसियसला, मिळाली हा अपमान त्याला सहन झाला नाही आणि त्याने जीव दिला, आणि वाईट म्हणजे ती तलवार त्याला शत्रूने, ट्रॉयच्या हेक्टरने, भेट दिलेली होती. दुसरा ओइलियसचा मुलगा, लोक्रिस प्रांताचा. चपळ, भालाफेकीत पटाईत, आणि वागायला उद्दाम. ट्रॉय पडलं तेव्हा अथीनाच्या देवळात आसऱ्याला गेलेल्या ट्रॉयच्या राजकन्येला, कसांड्राला, याने ओढून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर जहाज फुटलं, समुद्रदेव पोसायडनने त्याला खडकावर चढू दिलं, तर हा तिथे उभा राहून म्हणाला की देवांच्या मर्जीविरुद्ध मी वाचलो, मग पोसायडनने त्रिशूळ मारून तो खडकच फोडला.

आता नावांचं. महान आणि क्षुद्र हे दोन्ही शब्द मला इथे साफ चुकीचे वाटतात. ग्रेट-लेसर ही जोडी इंग्रजांच्या डोक्यातून आलेली नाही, तिचं मूळ प्राचीन ग्रीक कवी होमरमध्येच आहे. ट्रॉयच्या युद्धावरच्या त्याच्या इलियड या महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी आहे, तिथे लोक्रिसच्या अजॅक्सला ‘मेइओन’ म्हटलंय, म्हणजे लहान, आणि लगेच पुढे सांगितलंय की तो तेलामोनच्या अजॅक्सएवढा नव्हता, पुष्कळच लहान होता, चणीने छोटा आणि लिननचं चिलखत घालणारा. म्हणजे विषय शरीराचा चाललाय, लायकीचा नाही. क्षुद्र म्हटलं की मराठीत माणसाची नियत येते (त्याचं वागणं पाहता कुणाला तो शब्द शोभेल असं वाटेलही, पण होमर त्या ओळीत ते म्हणत नाहीये). थोरला आणि धाकटा कानाला छान लागतं, थोरले माधवराव म्हणायची आपल्याला सवयच आहे, पण मग वाचणाऱ्याला हे दोघे भाऊ वाटणार किंवा एका घराण्यातले तरी वाटणार, आणि यांचं तर एकमेकांशी काहीच नातं नाही.

माझं मत विचाराल तर ग्रीक स्वतः जे करतात तेच करावं, बापाचं नाव लावावं किंवा गाव लावावं. होमर एकाला तेलामोनिओस म्हणतो आणि दुसऱ्याला ओइलिआदेस, म्हणजे ओइलियसचा. आपल्याला यात परकं काहीच नाही, आपल्याकडे दाशरथी राम आहे, भार्गव राम आहे, आणि कुणाचाही गोंधळ होत नाही. तेव्हा ‘तेलामोनपुत्र अजॅक्स’ किंवा ‘सलामिसचा अजॅक्स’, आणि ‘लोक्रिसचा अजॅक्स’, एवढं पुरतं. फक्त बापाच्या नावावर सगळीकडे विसंबू नका. अत्रेइदेस म्हणजे अत्रेउसचा मुलगा, आणि ते ग्रीकांचा सेनापती आगामेम्नॉन यालाही लावतात आणि त्याचा भाऊ मेनेलाउस त्यालाही.

याच नावात एक फार सुंदर गुंता आहे तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रीकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन होतं. अजॅक्सचं मूळ ग्रीक रूप आयास, आणि इलियडमध्ये ठिकठिकाणी ‘आयान्ते’ येतं, सरळ अर्थ घेतला तर दोन आयास. पण 1877 मध्ये याकोब वाकरनागेल या भाषाशास्त्रज्ञाने दाखवलं की मुळात याचा अर्थ आयास आणि त्याचा जोडीदार असा असणार, आणि तो जोडीदार म्हणजे त्याचा सावत्र भाऊ तेउक्रोस (इंग्रजी वळणाने ट्यूसर), जो याच्याच ढालीमागून बाण मारतो. वाकरनागेलला हे सुचायला आधार होता वेदातला, तिथे ‘मित्रा’ या द्विवचनाचा अर्थ दोन मित्रदेव असा नसून मित्र आणि वरुण हे दोन देव असा होतो. आपण शाळेत ‘पितरौ’ शिकलो ना, दोन बाप नव्हे, आई आणि बाप, अगदी तेच. पुढे ही जुनी वापरायची रीत ही काव्यं गाणाऱ्या गायकांच्या लक्षात राहिली नाही, त्यांनी आयान्ते म्हणजे खरंच दोन आयास असं धरलं, आणि लोक्रिसवाला त्या जागी येऊन उभा राहिला. म्हणजे हे दोघे जे सतत जोडीने दिसतात त्याच्यामागे बहुतेक व्याकरणच आहे! मला ग्रीक पुराणातली नामसाम्याची याच्याइतकी देखणी गोष्ट दुसरी माहीत नाही.

बाकी एका नावाची दोन-तीन माणसं तिकडे ढिगाने आहेत आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं. आजोबा-पणजोबांचं नाव ठेवायची पद्धत ग्रीकांतही होती. इलियडच्या सहाव्या सर्गात लिकियाचा ग्लाउकोस रणांगणावर आपलं कुळ सांगतो, सिसिफस, त्याचा ग्लाउकोस, त्याचा बेलेरोफोन, त्याचा हिप्पोलोखोस, आणि हिप्पोलोखोसचा मुलगा मी. म्हणजे पणजोबा ग्लाउकोस आणि पणतूही ग्लाउकोस. काही नावं तर मुळात पदव्याच आहेत. क्रेओन याचा अर्थच राज्य करणारा, म्हणून थीब्जमध्ये अँटिगनीला शिक्षा देणारा राजा क्रेओन आणि कोरिंथमध्ये मेडियाला हाकलणारा राजाही क्रेओन, दोघांचा काही संबंध नाही. त्याचंच स्त्रीलिंगी रूप क्रेउसा, आणि ज्या राजकन्येचं नाव आठवत नाही तिला हे नाव बिनधास्त दिलेलं दिसतं, अथेन्सची एक, ट्रॉयची एक, कोरिंथचीही एक.

सार्पेडोनची गोष्ट उलटी आहे. तो एकीकडे क्रीटचा राजा मिनोस याचा भाऊ, आणि दुसरीकडे त्यानंतर दोन-तीन पिढ्यांनी ट्रॉयच्या युद्धात मरतो. हे जुळेना म्हणून नंतरच्या लेखकांपैकी काहींनी आजोबा सार्पेडोन आणि नातू सार्पेडोन असे दोन केले, तर काहींनी सांगितलं की देवांचा राजा झ्यूसने त्याला तीन पिढ्यांचं आयुष्य दिलं होतं. मिनोसचेही असेच दोन मिनोस केले गेले. अशा ठिकाणी ‘एकाच नावाचे दोघे’ असं ठामपणे लिहू नये, मूळ पात्र एकच असू शकतं.

आणि क्रोनोस. झ्यूसचा बाप क्रोनोस आणि काळ या अर्थाचा ख्रोनोस हे समनामी नाहीतच, ग्रीकमध्ये पहिलं अक्षर वेगळं आहे, एक क आणि एक ख. प्राचीन काळीच लोकांनी दोघांची सरमिसळ केली ते खरं, पण रोमन लिपीला तो फरक दाखवायला दोन अक्षरं जुळवावी लागतात आणि देवनागरीत ख तयार आहे, तर तो वापरा आणि दोघांनाही क्रोनोस लिहू नका.