सासूबाई ८८, सूनबाई ६३

प्रश्न : सासूबाई ८८ वर्षांच्या. गेल्या दिवाळीत पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आता वॉकर धरून हिंडतात. पण कधी गॅस चालू करतील, कधी जिना उतरू लागतील, नेम नाही. मी ६३ची, गुडघे गेलेले. हे ६८चे, त्यांना शुगर. मुलगा बंगळुरूला, मुलगी कॅनडात. ब्यूरोची बाई दिवसपाळीचे महिना १६ हजार घेते आणि पंधरा दिवसांत बदलते. भिशीत एकीनं वृद्धाश्रमाचं नाव काढलं, ते नणंदेच्या कानावर गेलं, तेव्हापासून ती फोन उचलत नाही. आमच्या कॉलनीच्या मंडळाचा हॉल गणपती आणि हळदीकुंकू सोडलं तर वर्षभर कुलपात असतो. तिथं काही करता येईल का, की हे माझ्या डोक्यातलं खूळ?
— एक सून, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : अहो वहिनी, खूळ कसलं! पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तेच, आणि तुम्ही ते शेवटी, भीत भीत लिहिलंत.

नणंदबाई कुठं राहतात ते कळवलं नाहीत, पण राजेंद्रनगरात नसाव्यात. लांबून माया करणाऱ्यांची मतं फार ठाम असतात. असो.

हॉस्पिटलात समाजसेविकेची नोकरी करताना “यांना घरी कोण बघणार?” हे विचारून फॉर्मवर लिहिणं माझं काम होतं. उत्तर ठरलेलं: सून. पुढे पुढे ही सूनच पासष्टीची यायला लागली, हातात स्वतःच्या गुडघ्यांचा एक्स-रे घेऊन. २०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक शंभरात नऊसुद्धा नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३चा अहवाल म्हणतो, २०५०पर्यंत ते शंभरात २१च्या घरात जातील. आपल्या वस्त्या काही २०५०ची वाट बघत नाहीत. लोकमान्यनगर घ्या, सुदामानगर घ्या. मुलं पुण्या-बंगळुरूला, घरं इथं, आणि संध्याकाळी बाकड्यावर पन्नाशीचा कुणी टेकला तर तो त्यांच्यात तरुण.

तरी आपण अजून दोनच गोष्टी ओळखतो, घर नाहीतर वृद्धाश्रम. रात्री घरी आणि दिवसा बाहेर, ही मधली सोय आपल्याला सुचतच नाही. जपानात आज शंभरातले २९ जण ६५च्या पुढचे आहेत, आणि तिथंही हे सगळं ओझं सुनेच्याच डोक्यावर होतं. एप्रिल २०००पासून त्यांनी म्हातारपणीच्या शुश्रूषेचा विमा सक्तीचा केला. चाळिशी आली की हप्ता सुरू. खर्चाचा निम्मा पैसा हप्त्यांचा, निम्मा सरकारचा. बहुतेकांना स्वतःच्या खिशातून दहावा हिस्सा भरावा लागतो. सकाळी गाडी दारात येते, आजींना केंद्रात नेते. तिथं आंघोळ, जेवण, व्यायाम, गप्पा, आणि मग गाडीच परत आणून सोडते. जर्मनीनं असा विमा १९९५लाच आणला आणि घरी सांभाळणाऱ्यांना रोख रकमेचीही मुभा ठेवली. जपाननं रोख दिली नाही. पैसे हातात ठेवले की काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडेल, असं तिथल्या बायकांच्या संघटनांनी बजावलं होतं. मला त्या बायकांचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

आपल्याकडे तसा विमा नाही. पण गाडी? तुलना वावगी वाटेल, तरी करते. ज्या इंदुरात कचऱ्याची गाडी रोज गाणं वाजवत दारात येते, आणि २०१७पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवतो, त्या इंदुरात आजींना न्यायला गाडी येऊ शकत नाही? तुमच्या पार्षदांना हे तोंडावर विचारा.

आता हॉल. आठवड्यातून तीन दिवस, दहा ते चार. सुरुवातीला सहा-आठ जणच, आणि वॉकरनं का होईना, चालणारे. अंथरुणाला खिळलेल्यांना हॉलचा उपयोग नाही, तिथं घरीच बाई हवी. तुम्ही एकट्या देता त्याच्या निम्मे पैसे पाच घरांनी प्रत्येकी काढले तर एक शिकलेली अटेंडंट आणि एक मदतनीस सहज बसते, फिजिओथेरपिस्टलाही अधूनमधून बोलावता येईल. पगार तारखेला द्या, सुट्टी कबूल करा, चहा आपल्याच कपांत द्या. बाया पंधरा दिवसांत का बदलतात, त्याचं निम्मं उत्तर इथंच आहे.

पहिला खर्च मात्र खुर्च्या-गाद्यांवर नको, संडासावर करा. परवा लोकमान्यनगरात एका घरी गेले होते. आजोबा कमोडवरून उठताना हात टाकतात तो टॉवेलच्या दांडीवर. चकचकीत दांडी, टाइलमध्ये दोन बारीक स्क्रू, त्यातला एक निम्मा बाहेर आलेला. मुलगा म्हणतो, “आत्या, आधाराला लावलीय ना!” आधाराची दांडी वेगळी मिळते, आणि ती टाइलच्या आत, विटेत लांब बोल्टांनी पक्की करावी लागते. बाथरूमचा उंबराही काढा. वॉकरचे पुढचे पाय पलीकडे, मागचे अलीकडे आणि माणूस मधे लोंबकळलेला. पडायची जागा हीच. हॉलच्या पायऱ्यांना उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा. मिस्त्री चार फुटांत उरकायला बघेल. त्याला उरकू देऊ नका, तसल्या उतारावर व्हीलचेअर चढवायला पैलवान लागतो.

सासूबाई नाही म्हणतील. सांभाळायला नेतोय असं सांगूच नका, मंडळाच्या गणपतीच्या वाती करायला न्या. आणि त्या सहा तासांत तुम्ही घर आवरायचं नाही. आधी गुडघे दाखवून या.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे. राहतं घर आत्ताच भावाला बक्षीसपत्रानं देऊन टाकतो म्हणतात. देऊ द्यावं का?
— तिलकनगर

उत्तर : मृत्युपत्र करू द्या, ते बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर वडिलांना शेवटपर्यंत सांभाळायची अट त्यातच लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात कलम २३ आहे: अट मोडली तर एसडीएमच्या, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांच्या, न्यायाधिकरणाकडे अर्ज करून बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं. पण अट दाखवता आली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये म्हटलंय. २०२५च्या जानेवारीत आपल्याच मध्य प्रदेशातल्या एका आईला त्या न्यायालयानं मालमत्ता परत मिळवून दिली, तिथं मुलानं लिहून दिलेलं वचनपत्र कामी आलं. भाऊ चांगला असेलच. चांगल्या भावाला अट लिहून द्यायला काही जड जात नाही.

प्रश्न : आजोबा पोस्ट खात्यातून निवृत्त, वय ८४. हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा लावला तर मशीन घेतच नाही, आणि बँक पहिल्या मजल्यावर.
— एक नातू, मल्हारगंज

उत्तर : अंगठा सोडा. जीवन प्रमाणचं, म्हणजे हयातीच्या डिजिटल दाखल्याचं, काम आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं. ते जमलं नाही तर थोडं शुल्क घेऊन पोस्टमन घरी येतो. आजोबांना तर आपल्याच खात्याचा माणूस भेटेल. केंद्राच्या पेन्शनरांना ८०नंतर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, तेव्हा नोव्हेंबरच्या गर्दीत पडू नका. ७०च्या पुढच्यांचं आयुष्मान कार्ड काढलंय का तेही बघा. ऑक्टोबर २०२४पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, भरती झाल्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचा खर्च निघतो. मात्र त्यांच्याकडे सीजीएचएस, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना, असेल तर दोन्हींतलं एकच ठेवावं लागतं. कोणतं, ते आजोबांनाच ठरवू द्या.