वडशाची फाइल

चि. बेटा,

गावात राहून न्यायालयांचा अभ्यास कसा जमणार, ही तुझी धास्ती पत्रातून कळली. प्रबंधासाठी केलेल्या तुझ्या यादीत १९७३ चा केशवानंद भारती खटला पहिलाच आहे. तेरा न्यायमूर्ती, ७ विरुद्ध ६, संसदेला मोडता येत नाही अशी राज्यघटनेची मूलभूत चौकट. असू दे. मीही तो वर्षानुवर्षं शिकवला आणि पोरांनी पेपरात जसाच्या तसा उतरवून दिला.

तू वैनगंगेपलीकडचं वडसा घे. कागदोपत्री देसाईगंज. मार्च १९७२ मध्ये तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं ही संमती नव्हे, असं म्हटलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं, अंगावर जखमा नाहीत म्हणून.

वकील इथे फाइल बांधतो. आपण ती इथूनच सोडायची. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये संसदेने कायदा बदलला: कोठडीतल्या अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाई ‘संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालयाने तसंच धरून चालायचं. घटना एकच, मग नागपूरला जे दिसलं ते दिल्लीला का दिसलं नाही? आणि निकाल हरल्यावर कायदा कसा काय बदलला? ह्या दोन प्रश्नांवर प्रबंध उभा राहतो.

पण त्याआधी महिनाभर तालुक्याच्या कोर्टात जाऊन बस. कोणी हटकत नाही, मोबाइल तेवढा बंद ठेव. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणासाठी पहिल्या एसटीने आलेली म्हातारी दुपारी पुढची तारीख घेऊन परत जाते, शिदोरी न सोडताच. तिचं येणं-जाणं वहीत मांड. साक्षीदार झाडीबोलीत नाहीतर गोंडीत काय बोलला आणि जबानीत काय उतरलं, हे शेजारी-शेजारी लिही. वडशाच्या मुलीचं बोलणंही असंच कोणीतरी कागदावर उतरवलं असणार.

वडशाच्या निकालाची झेरॉक्स काढू नकोस, माझी प्रत घेऊन जा. समासात लाल पेनाने मी बरंच खरडलंय. ते आधी वाचायचं नाही.

तुझा,
सर