पार्किंगमधली स्पोर्ट्स कार आणि बारावीचं वर्ष

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याजवळ रो-हाउसमध्ये राहतो. मी अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. मुलगा सतरा वर्षांचा, यंदा बारावी सायन्सला गेला. दहावीला चांगले मार्क होते, अकरावीला गणितात जेमतेम काठावर पास. कारण घरातच आहे. आजोबांनी दिलेल्या पैशांतून त्याने भंगारात निघालेली जुनी ओम्नी घेतली आणि तिचं इंजिन-गिअरबॉक्स काढून पार्किंगमध्ये स्वतःची स्पोर्ट्स कार बनवतोय. चौकोनी पाइपची फ्रेम वेल्ड केली, ती वाकडी झाली म्हणून सगळी कापून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. जेईईच्या क्लासची फी भरली आहे, तिथे दांड्या. ग्राइंडरच्या आवाजाने शेजारी वैतागलेत. बोलायला गेलो तर म्हणतो, ‘लोटस कंपनी काढणाऱ्यानेही गॅरेजमध्येच सुरुवात केली होती, मला इंजिनिअरिंग करायचंच नाही, मी कंपनी काढणार.’ मंडळी म्हणतात, सगळं भंगारवाल्याला देऊन टाका. काय करावं?
— एक वडील, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

भंगारवाल्याला एवढ्यात बोलावू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. फ्रेम वाकडी झाली म्हणून त्याने ती कापली आणि पुन्हा केली, हे ते वाक्य. अशा गाड्यांना साधारण २५ मिलिमीटरचा, १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप वापरतात. एवढ्या पातळ पाइपवर आर्क, म्हणजे वेल्डिंगची ठिणगी, जरा जास्त रेंगाळला की भोक पडतं. भोक न पडता वेल्ड नीट बसला तरी सांधा थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्याकडे ओढतो. एका कोपऱ्यात ओढ बसली की आयताचे दोन कर्ण सारखे राहत नाहीत. म्हणून आधी सगळीकडे नुसते टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे छोटे वेल्ड, मारायचे, कर्ण मोजायचे, मग एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असं करत वेल्ड पुरा करायचा. तुमच्या मुलाने टेप लावून मोजलं असणार, कारण आठ-दहा मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. वर रंग मारून तो झाकूनही टाकता आला असता. त्याने झाकला नाही. स्वतःचा जॉब स्वतःच रिजेक्ट करणारे ऑपरेटर तुमच्या शॉपमध्ये किती आहेत, ते तुम्हीच आठवून बघा.

ओम्नी निवडली यातही डोकं आहे. मारुती ८००चं इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. ओम्नीत तेच ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने असतं आणि ताकद मागच्या चाकांना जाते. इंजिन पुढे, ताकद मागे अशी हलकी दोन सीटची गाडी बनवायची तर भंगारात याहून स्वस्त आणि सोयीचं काही मिळणं अवघड. ताकद कमी आहे म्हणून कोणी हसत असेल, तर मुलगा ज्या ब्रिटिश लोटस कंपनीचं नाव घेतो तिच्या १९५७ सालच्या पहिल्या सेव्हन या दोन सीटच्या गाडीलाही चाळिसेक हॉर्सपॉवरचंच इंजिन होतं. गाडी हलकी ठेवली की तेवढ्यात भागतं.

आता कडू भाग. ही गाडी रस्त्यावर जाणार नाही. पाथर्डी फाट्यावर नाही, रात्री अकरा वाजता गल्लीत ‘एकच चक्कर’सुद्धा नाही. मोटार वाहन कायद्यानुसार रजिस्ट्रेशनशिवाय गाडी सार्वजनिक जागी चालवता येत नाही. नव्या मॉडेलचं रजिस्ट्रेशन व्हायचं तर आधी त्याचा नमुना पुण्याची एआरएआय किंवा अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्य संस्थेत तपासून पास व्हावा लागतो. ब्रेकपासून धुरापर्यंत सगळं तपासतात, आणि धुराच्या बाबतीत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा कडक निकष आहे. ओम्नीचं जुनं इंजिन तिथे कुठे बसणार? ‘मग ओम्नीच्याच कागदांवर चालवतो’ असं तो म्हणेल. तेही नाही. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार चालणार नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलंय आणि बेकायदा फेरफाराला मालकावर दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात मुलगा सतरा वर्षांचा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकच दोषी धरले जातात. २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. ज्याला गाड्यांतच आयुष्य काढायचंय त्याला हे शेवटचं एवढं एकदा नीट समजावून सांगा, बाकी व्याख्यान द्यावं लागणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार त्याला माहीत असतीलच. भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी त्यांनी बनवली, तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्रांनी तोंडभरून कौतुक केलं, आणि त्याच दमात सांगितलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती थांबवली जाईल. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली आणि २०२२च्या जानेवारीत दिलीही. त्या कौतुकाचे व्हिडिओ पोरं पाठ करतात, नियमाबद्दलचं वाक्य मात्र कोणी ऐकत नाही. तुमच्या घरी तेच आधी ऐकवा.

लोटसच्या मालकाचा दाखला मात्र अर्धवट आहे. कॉलिन चॅपमनने १९४८ साली पहिली गाडी ऑस्टिन सेव्हन नावाच्या जुन्या गाडीवर बनवली, मैत्रिणीच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, हे खरं. पण तेव्हा तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकत होता. शेवटच्या वर्षी त्याचा गणिताचा पेपर राहिला. वर्षभराने तो पुन्हा परीक्षेला बसला आणि पदवी घेतली. गणितात काठावर पास झालेल्या मुलाला ही उरलेली अर्धी गोष्ट जास्त उपयोगी पडावी. लोटसच्या हलक्या फ्रेममागे हेच शिक्षण होतं, कुठला पाइप दाबला जातोय आणि कुठला ताणला जातोय याचा हिशेब. शिवाय लोटस सेव्हन विकली गेली ती बहुतांशी सुट्या भागांच्या किटमध्ये, कारण ब्रिटनमध्ये त्या काळी किटवर खरेदी कर लागत नसे. घरी जोडलेल्या एकट्या गाडीची तपासणी करून ती रस्त्यावर आणायची वाट तिथे आजही आहे. आपल्याकडे तशी नाही. म्हणून ‘बारावीनंतर थेट कंपनी’ हा विषय मी तरी इथेच मिटवतो. दहा वर्षांनी काढायची असेल तर जरूर काढावी.

खरा प्रश्न वेगळाच आहे. एक गाडी बनवायची म्हणजे त्यात पाच-सहा धंद्यांची कामं येतात. यातलं नेमकं कोणतं काम तुमचा मुलगा तहानभूक विसरून करतो? दोन-तीन रविवार पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसा. सल्ला द्यायचा नाही, नुसतं बघायचं. कोणतं काम तो ‘उद्या करू’ म्हणून ढकलतो तेही टिपा, त्यातूनही तेवढंच कळतं.

तो वेल्डिंगचा सांधा घासून, निरखून, पुन्हा करण्यात रमत असेल तर त्याचा हात बोलतोय. अशा मुलासाठी टूलरूम, म्हणजे साचे आणि डाय बनवायचं काम, आहे, फॅब्रिकेशन आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये दहावीनंतर टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा आहे. सातपूर-अंबडमध्ये वाढलेल्या माणसाला टूलरूमवाल्याची किंमत मी सांगायला नको. टूलरूम किंवा आयटीआय म्हटलं की सायन्सच्या मुलांचे आईवडील तोंड वाकडं करतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

फ्रेम वाकडी का झाली, स्टिअरिंगचा रॅक दोन सेंटिमीटर वर बसवला तर खड्ड्यात चाकं आपोआप का वळतात, असल्या ‘का’मध्ये तो रात्र घालवत असेल, तर त्याने मेकॅनिकल किंवा ऑटोमोबाइल इंजिनिअरिंगच करावं, नको म्हणाला तरी. त्या ‘का’चं उत्तर त्रिकोणमिती आणि व्हेक्टरमध्येच आहे आणि हे त्याला क्लासच्या सरांपेक्षा सस्पेन्शनचा आर्म जास्त चांगलं पटवून देईल.

वहीच्या मागच्या पानांवर नुसत्या बॉडीच्या रेघोट्या असतील, फ्रेमचा कंटाळा येत असेल, तर तो डिझाइनचा मुलगा आहे. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड किंवा एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) प्रवेश परीक्षा बघा. वाहनांच्या डिझाइनचा खास अभ्यास एनआयडीत पदव्युत्तर पातळीवर आहे, तोवर प्रॉडक्ट डिझाइन. आणि समजा तो लिंक रोडच्या भंगारवाल्याशी घासाघीस करण्यात, लेथवाल्याकडून उधारीवर काम करून घेण्यात पटाईत निघाला, तर घाबरू नका. परचेस, व्हेंडर डेव्हलपमेंट, पुढे स्वतःचं युनिट, अशी ती लाइन आहे आणि नाशकात त्या लाइनमध्ये बरीच माणसं व्यवस्थित जगतात.

बारावीचं म्हणाल तर जेईईच्या फीचं दुःख आता करू नका. दांड्या मारणाऱ्या मुलाला तिथे बांधून ठेवण्यापेक्षा बोर्ड आणि एमएचटी-सीईटी एवढंच लक्ष्य ठेवा. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही आणि जवळपास ८० टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो, म्हणजे अकरावीचा खड्डा भरून काढता येतो. त्यातही मार्क कमी पडले तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, आणि डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. सरळ पदवीपेक्षा एक वर्ष जास्त जातं, पण ते वर्ष वर्कशॉपमध्ये जातं. या मुलासाठी मला ही वाट कमी दर्जाची वाटत नाही.

कॉलेज निवडताना एक गोष्ट मात्र मुद्दाम बघा. तिथे बाहा किंवा फॉर्म्युला स्टुडंट या, विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरायच्या, स्पर्धांची टीम आहे का, आणि संध्याकाळी वर्कशॉप मुलांना उघडं असतं का. हे प्रॉस्पेक्टसवर ठरवू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना चहाच्या टपरीवर गाठून विचारा. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर फॉर्म्युला भारत ही अशीच स्पर्धा होते, तिथे विद्यार्थी स्वतः बनवलेली एका सीटची रेसिंग कार घेऊन जातात. फॉर्म्युला स्टुडंटच्या गुणपद्धतीत १००० पैकी ३२५ गुण गाडी ट्रॅकवर धावण्याआधीच दिले जातात. डिझाइन का असं केलं, खर्च किती आला आणि ही गाडी विकायची कशी, याला. ‘कंपनी काढणार’ म्हणणाऱ्या मुलाला याहून चांगली तालीम मिळणार नाही. आणि चालवायला बंद ट्रॅकही मिळतो.

म्हणून आतापासून पार्किंगमध्ये तुमच्या कंपनीचा नियम लावा, ड्रॉइंग नाही तर जॉब नाही. पुढचा कोणताही पाइप कापायच्या आधी त्याने मापांसकट ड्रॉइंग करायचं, तुम्ही सही करायची. काम झालं की व्हर्निअर घेऊन तुम्ही तपासायचं. एक वही ठेवायची, त्यात तारीख, काय केलं, काय बिघडलं, किती पैसे गेले. गाडी पुरी झाली नाही तरी (घरगुती गाड्या बहुधा अर्ध्यावरच राहतात) ही वही कॉलेजच्या टीममध्ये शिरताना आणि पुढे इंटर्नशिप मागताना त्याच्या मार्कशीटइतकीच कामाला येईल. आजोबांनाही सांगा, नवे पैसे वही बघितल्याशिवाय द्यायचे नाहीत. वेळ ठरवा, दिवाळीपर्यंत फक्त रविवार, ग्राइंडर सकाळी दहा ते एक. शेजाऱ्यांना तसं स्वतः जाऊन सांगा, निम्मी तक्रार तिथेच मिटेल. दिवाळीनंतर सीईटी होईपर्यंत गाडीवर ताडपत्री.

काही गोष्टींवर मात्र घासाघीस नको. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करायचा नाही, त्या धुराने हुडहुडी भरून ताप येतो. ओम्नीच्या जुन्या पेट्रोल टाकीला वेल्डिंगचा हात लावायचा नाही. रिकामी दिसली तरी आत वाफ असते आणि ती फुटते. ब्रेकच्या लाइन स्वतः जुळवल्या तरी अनुभवी मेकॅनिकने तपासल्याशिवाय इंजिन गिअरमध्ये टाकायचं नाही, आणि नंतरही गाडी हलवायची ती बंद आवारात, जागेच्या मालकाच्या परवानगीने, तुम्ही हजर असताना.

आणि हे एक काम मुलाचं नाही, तुमचं. त्या ओम्नीचं आरसी बुक कोणाच्या नावावर आहे ते आधी शोधा. गाडी कापली तरी आरटीओच्या नोंदीत ती अजून जिवंत असेल. कायमची निकामी झालेल्या गाडीची माहिती मालकाने चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. चेसिस नंबर असलेला पत्रा कुठे कापून टाकला असेल तर तो जपून ठेवा, जुन्या मालकाला फोन करा आणि पेठ रोडच्या ऑफिसात जाऊन रजिस्ट्रेशन रद्द करून घ्या. मुलाला सोबत न्या. ज्याला मोटार कंपनी काढायची आहे त्याने आरटीओची रांग एकदा बघितलेली बरी.