क्लब तोट्यात असूनही महागडे खेळाडू कसे घेतात? नाशिकला असा क्लब चालेल का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. तुम्ही नाशिकला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, इंग्लंडमधली फुटबॉलची प्रीमियर लीग बघता, आणि कोट्यवधी पाउंडांचे खेळाडू घेणारे क्लब आर्थिक नियमांत कसे बसतात हे तुम्हाला उमगत नाही. दुसरं म्हणजे, अंबड-सातपूरचे कारखानदार एकत्र आले तर नाशिकचा व्यावसायिक क्लब का निघू नये, असं तुम्ही विचारलंय.

खेळाडूची किंमत ठरते त्या वर्षी ती सगळी खर्चात पडत नाही, आणि खर्चात पडलेली रक्कम त्याच वर्षी बँकेतून गेलेली असते असंही नाही. नफा-तोटा एकीकडे, रोकड दुसरीकडे. कागदावरच्या तोट्याने क्लब सहसा मरत नाही, रोकड आटली की मरतो. आणि रोकड आटवणारी बाब खरेदीपेक्षा पगार असते.

आकड्यांत बघू. अंबडच्या कारखान्यात सीएनसी मशीन घेतलं की त्याची किंमत वापराच्या वर्षांवर घसारा म्हणून पसरवतात. क्लबच्या वहीत खेळाडूच्या नोंदणीचा हक्क ही मालमत्ता असते आणि कराराची वर्षं हे तिचं आयुष्य. समजा खेळाडू 6 कोटी पाउंडांना घेतला, करार 5 वर्षांचा, पगार आठवड्याला दीड लाख पाउंड. मग दरवर्षी किंमतीचा खर्च 1 कोटी 20 लाख, पगार 78 लाख, आणि पगारावर मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स 15 टक्क्यांच्या दराने साधारण 12 लाख. म्हणजे या खेळाडूचा वर्षाचा खर्च जवळपास 2 कोटी 10 लाख पाउंड. बातमीत 6 कोटी दिसतात, नियमांच्या गणितात 2 कोटी 10 लाख मोजले जातात.

तीन वर्षांनी हाच खेळाडू 4 कोटींना विकला तर? वहीत त्याची 2 कोटी 40 लाख किंमत शिल्लक असते, म्हणून 1 कोटी 60 लाख नफा दिसतो. सहाला घेऊन चारला विकला आणि तरी नफा! यात लबाडी काही नाही. उरलेले 3 कोटी 60 लाख आधीच्या तीन वर्षांत खर्चात पडून गेलेले असतात.

आता करार 8 वर्षांचा धरा. वर्षाचा खर्च 75 लाखांवर येतो, सुरुवातीला छान दिसतो. पण तीन वर्षांनी वहीत 3 कोटी 75 लाख शिल्लक राहतात. 4 कोटींना विकला तर नफा फक्त 25 लाख. बाजार पडला आणि 3 कोटीच आले, तर 75 लाख तोटा. पाच वर्षांच्या करारात त्याच 3 कोटींत 60 लाख नफा झाला असता. लांब करार आजचं दुखणं उद्यावर ढकलतो. शिवाय खेळाडू फॉर्मात नसला तरी त्याचा पगार करार संपेपर्यंत मानगुटीवर बसतो, कारण तेवढा पगार द्यायला दुसरा क्लब तयार होत नाही. चेल्सीने जानेवारी 2023 मध्ये एन्झो फर्नांडेझला 10 कोटी 68 लाख पाउंडांना घेतलं ते साडेआठ वर्षांच्या करारावर. त्यानंतर युएफाने (युरोपच्या फुटबॉलची संघटना) जुलै 2023 पासून आणि प्रीमियर लीगने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम केला: करार कितीही लांब असो, खर्च जास्तीत जास्त 5 वर्षांवरच पसरवता येईल.

अकादमीत वाढलेल्या खेळाडूची वहीत किंमत शून्य असते. तो विकला की येणारा जवळजवळ सगळा पैसा नफा. म्हणूनच अडचणीतले क्लब आधी घरचीच पोरं विकायला काढतात. मला हे फार वाईट वाटतं, पण नियमच त्या दिशेला ढकलतात.

तारीख किती महत्त्वाची असते हे नॉटिंगहॅम फॉरेस्टवरून कळेल. बहुतेक इंग्लिश क्लबांचं वर्ष 30 जूनला संपतं. प्रीमियर लीगच्या 2025-26 पर्यंतच्या नियमानुसार तीन वर्षांत एकूण 10 कोटी 50 लाख पाउंडांपर्यंत तोटा चालायचा, तोही मालकाने भांडवल घालून भरून काढला तरच. नाहीतर फक्त दीड कोटी. फॉरेस्ट त्यातली दोन वर्षं खालच्या लीगमध्ये असल्याने त्यांची मर्यादा 6 कोटी 10 लाख होती. ते 3 कोटी 45 लाखांनी वर गेले. त्यांच्याकडे अकादमीतलाच ब्रेनन जॉन्सन होता. तो टॉटनहॅमला 4 कोटी 75 लाखांना विकला गेला, पण 1 सप्टेंबर 2023 ला. हीच विक्री 30 जूनच्या आत झाली असती तर नियमात बसले असते. थांबल्यामुळे भाव चांगला मिळाला, हा बचाव आयोगाने मानला नाही आणि मार्च 2024 मध्ये 4 गुण कापले. एव्हर्टनचे नोव्हेंबर 2023 मध्ये 10 कापले होते, अपिलात ते 6 झाले, नंतर आणखी 2 गेले.

दुसरी पळवाट म्हणजे आपलीच मालमत्ता आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकणं. चेल्सीने दोन हॉटेलं 7 कोटी 65 लाख पाउंडांना आणि नंतर महिला संघ असे समूहातल्याच कंपन्यांना विकले. प्रीमियर लीगच्या हिशेबात ते चाललं, युएफाने मोजायला नकार दिला आणि 2025 मध्ये दंड ठोकला. तुम्ही वाणिज्यचे विद्यार्थी आहात म्हणून सांगतो: असा नफा खालच्या कंपनीच्या पत्रकात दिसतो, पण सगळ्यात वरच्या कंपनीचं एकत्रित पत्रक काढलं की आपसातला व्यवहार म्हणून गळून पडतो. त्यामुळे नेहमी वरच्या कंपनीचं पत्रक आधी वाचा.

उत्पन्नाचं फार गूढ नाही. सामन्याच्या दिवसाची कमाई, टीव्हीचे पैसे, प्रायोजक, बस. तिकिटाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या: इंग्लंडमध्ये तिकिटात 20 टक्के व्हॅट धरलेला असतो, म्हणजे 30 पाउंडांच्या तिकिटातले 25 च क्लबचे. टीव्हीचे देशांतर्गत पैसे निम्मे सगळ्यांना सारखे, पाव हिस्सा क्रमांकानुसार आणि पाव हिस्सा सामने किती वेळा थेट दाखवले त्यावर वाटतात. तळाच्या क्लबलाही हंगामाचे 10 कोटींहून जास्त पाउंड मिळतात. खालच्या लीगमध्ये गेलं की हा ओघ तुटतो. धक्का सोसावा म्हणून उतरलेल्या क्लबला समान वाट्याच्या 55, 45 आणि 20 टक्के अशी तीन वर्षं मदत मिळते, पण एकाच हंगामात उतरला असेल तर तिसरं वर्ष नाही. आणि वर जाण्याच्या आशेवर चॅम्पियनशिपमधले (प्रीमियर लीगच्या खालची श्रेणी) क्लब इतका खर्च करतात की अनेक हंगामांत त्या लीगचे एकूण पगार एकूण उत्पन्नापेक्षाही जास्त भरलेत.

लीड्स युनायटेड यातच बुडालं. 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळले आणि त्याच सुमाराला पुढच्या वर्षांच्या तिकीटविक्रीवर साधारण 6 कोटी पाउंडांचं कर्ज उचललं. पगार ठरवले ते दरवर्षी चॅम्पियन्स लीग मिळेल असं धरून. पुढच्या हंगामासाठी पात्रताच हुकली. पगार ठरलेले, उत्पन्न बेभरवशाचं. 2002 मध्ये रिओ फर्डिनांड विकला, 2004 मध्ये खाली घसरले, स्टेडियमही विकलं, 2007 मध्ये तिसऱ्या श्रेणीत. म्हणून पगारांचं उत्पन्नाशी प्रमाण बघायची सवय लावा. युएफा आता पगार, खरेदीचा वार्षिक खर्च आणि एजंटांचे पैसे मिळून उत्पन्नाच्या 70 टक्क्यांत बसवायला लावतं. प्रीमियर लीगने 2026-27 पासून 85 टक्क्यांचा असाच नियम स्वीकारलाय.

स्वतः पत्रक वाचायचं तर ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर ते फुकट मिळतं. खासगी कंपनीला वर्षअखेरीनंतर 9 महिने मुदत असते, त्यामुळे जूनचे आकडे बहुधा मार्चअखेर येतात. नफ्याचा आकडा शेवटी बघा. आधी खेळाडूविक्रीचा नफा बाजूला काढा, मग उरलेला धंदा किती तोट्यात आहे ते दिसतं. मग टिपांमध्ये जा. येणी आणि देणी या दोन टिपांत खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचे हप्ते एका वर्षातले आणि त्यापुढचे असे वेगळे दिलेले असतात. नफा असूनही पुढच्या बारा महिन्यांची देणी येण्यांच्या दुप्पट-तिप्पट असतील, तर जानेवारीत कुणीतरी विकला जाणार हे समजा. वर्षअखेरीनंतरच्या घटनांची टीप वाचा, त्यात जुलै-ऑगस्टची खरेदी-विक्री सापडते. मालकाचं कर्ज आणि मालकाचं भांडवल यांत गल्लत करू नका. कर्ज तो परत मागू शकतो.

आता नाशिक. आधी पुण्याकडे बघा. पुणे एफसी 2007 मध्ये निघाला, 2015 मध्ये बंद. भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स 2017 नंतर राष्ट्रीय स्पर्धेतून गेला. एफसी पुणे सिटी 2014 ते 2019. नाशिकपेक्षा मोठं शहर, बालेवाडीसारखं स्टेडियम आणि मागे मोठे उद्योगसमूह असून ही गत. मला दिसणारं कारण एकच: उत्पन्नाचा मुख्य झरा म्हणजे मालकाचा खिसा. आपल्याकडे टीव्हीचा पैसा क्लब पोसण्याइतका नाही. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) संघाची वेतनमर्यादा बरीच वर्षं साडेसोळा कोटी रुपये होती. तेवढा नुसता पगार तिकिटांतून निघत नाही.

खालच्या श्रेणीचं गणित घालून बघा. समजा 25 खेळाडू, सरासरी 35 हजार महिना, करार 9 महिन्यांचे: 78 लाख 75 हजार. प्रशिक्षक, फिजिओ, प्रवास, राहणं, विमा, मैदानभाडं वेगळं. समोर घरचे 10 सामने, प्रत्येकी 2 हजार प्रेक्षक, 50 रुपये तिकीट: 10 लाख. मान्यताप्राप्त स्पर्धेच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, एवढाच काय तो दिलासा. उरलेलं प्रायोजकांकडून आणायचं, तेही दरवर्षी नव्याने.

कारखानदार म्हणतील, सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च) देतो. इथे पाय घसरतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाला सीएसआर चालतो. जर्सीवर नाव छापून जाहिरातीचा फायदा घेतला तर तो सीएसआर धरला जात नाही. म्हणून दोन संस्था वेगळ्या ठेवा: पोरांच्या प्रशिक्षणाची सेक्शन 8 (ना-नफा) कंपनी किंवा न्यास, आणि स्पर्धेत उतरणारा संघ खासगी मर्यादित कंपनीत. बँक खाती वेगळी, प्रशिक्षकांचे पगारही कामाच्या वाट्याने वेगळे दाखवा. बाहेरच्या कंपनीचा सीएसआर घ्यायला 12ए आणि 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या, सीएसआर-1 नोंदणी आणि तीन वर्षांच्या कामाचा पुरावा लागतो. म्हणजे अकादमी आधी, व्यावसायिक संघ नंतर.

माझं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं फक्त अकादमी चालवा आणि नोंदणी चोख ठेवा. फिफाच्या नियमानुसार खेळाडू करार चालू असताना परदेशी क्लबला विकला गेला की किंमतीच्या 5 टक्के रक्कम त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटली जाते: वयाच्या 12 ते 15 पर्यंत वर्षाला पाव टक्का, 16 ते 23 पर्यंत अर्धा टक्का. पोरगा तुमच्याकडे 12 ते 17 वर्षांचा असेपर्यंत खेळला तर तुमचा वाटा 2 टक्के. 1 कोटीच्या व्यवहारात 2 लाख. मात्र हे पैसे खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरून ठरतात. त्या काळात क्लब संघटनेशी संलग्न नसेल किंवा पोराचं नाव महासंघाच्या नोंदणी प्रणालीत हंगामागणिक चढलेलं नसेल, तर जुने फोटो आणि हजेरीपट घेऊन मागे लागावं लागतं आणि हाती फारसं काही येत नाही. जिल्हा संघटना आणि वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडची संलग्नता हे पहिल्या वर्षाचं काम. जन्मदाखल्याची प्रत, नोंदणीची तारीख आणि सोडल्याची तारीख प्रत्येक पोराच्या फायलीत पहिल्या दिवसापासून ठेवा.